घूं, खरखर आणि शिट्टी : फिरत्या साउंड सेटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन स्पीकर, एक छोटा मिक्सर किंवा अँप्लिफायर, चार-सहा माईक आणि एका पोत्यात भरलेल्या वायरी. भजनी मंडळ, शाळा, वाचनालय, महिला मंडळ अशा बहुतेकांकडे एवढाच सेट असतो. आज देवळात, उद्या अंगणात, परवा मंगल कार्यालयात असा तो फिरत राहतो. आमच्या मंडळाचा असा सेट मी पंधरा वर्षं सांभाळतो आहे. या काळात लोकांनी मला जे पुन्हा पुन्हा विचारलं, त्याची ही उत्तरं.

सेट घरी लावून पाहिला तर स्वच्छ वाजतो. देवळात नेला की घूं सुरू. बिघाड सेटमध्ये आहे की देवळात?

बहुतेक वेळा दोन्हींच्या जोडणीत. घरी तुम्ही सगळं एकाच बोर्डाला लावता, वायरी आखूड असतात, आजूबाजूला रोषणाई नसते. देवळात मिक्सर एका भिंतीच्या प्लगला, स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या प्लगला आणि मधे साठ फूट वायर. दोन्ही प्लगांचं अर्थिंग कागदावर एकच असलं, तरी प्रत्यक्षात त्यांच्यात थोडासा व्होल्टेजचा फरक असतो. त्या फरकामुळे तुमच्या सिग्नल वायरच्या जाळीतून (आतल्या तारांभोवतीच्या विणलेल्या तांब्याच्या आवरणातून) करंट वाहू लागतो आणि घूं होऊन स्पीकरमधून बाहेर येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

पहिला उपाय फुकटचा आहे. मिक्सर, स्पीकर, लॅपटॉप, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, सगळं एकाच प्लगमधून घ्या. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला साधारण १३८० वॅट भार चालतो, त्यामुळे छोट्या सेटला एक प्लग पुरतो. भार जास्त असेल तर १६ अँपिअरचा प्लग शोधा आणि त्यावरून जाड वायरचा एकच बोर्ड ओढा. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

नुसता आवाज ऐकून दोष ओळखता येतो का?

बराचसा येतो, आणि माझ्या मते हेच शिकण्यासारखं आहे. लोक म्हणतात "सेट आवाज करतोय" आणि थेट अँप्लिफायर बदलायला निघतात. आधी कान लावा.

खोल, गोल, सतत घूं असेल तर तो ५० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या विजेचाच आवाज. तो ग्राउंड लूपमधून किंवा तुटलेल्या जाळीतून येतो. तोच आवाज एक सप्तक वर आणि जरा कर्कश लागला तर तो १०० हर्ट्झचा. अशा वेळी अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले फुगलेले किंवा वाळलेले कपॅसिटर हा मोठा संशयित. आपल्या पेटीवाल्याला विचारा. हे दोन्ही सूर खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढे लागतात. आमचे पेटीवाले बुवा हे ऐकताक्षणी सांगतात.

घूं नसून धारदार "झर्र" असेल तर डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीच्या माळा किंवा स्वस्तातला चार्जर पाहा. वायर हलवली की कडकड होत असेल तर पिन किंवा डाख (सोल्डरिंग). बटण फिरवलं की खरखर होत असेल तर धूळ. माईक उघडला की चढत जाणारी शिट्टी म्हणजे फीडबॅक, स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरणं. तिथे यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. पावसासारखं सतत सूं असेल तर गेनची, म्हणजे माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा याची, मांडणी चुकली आहे.

मग मूळ नेमकं कसं शोधायचं? कार्यक्रम अर्ध्या तासावर आलेला असतो.

स्पीकरकडून सुरुवात करा आणि माईककडे या. मिक्सरचा मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, पूर्ण खाली आणा. आवाज तसाच राहिला तर दोष मिक्सरच्या पुढे आहे, म्हणजे मिक्सर ते स्पीकर वायर, अँप्लिफायर किंवा त्यांची वीज. स्पीकरमध्ये जाणारी सिग्नल वायर काढून पाहा. तरीही घूं येत असेल तर तो स्पीकर किंवा अँप्लिफायर स्वतःच दोषी.

मास्टर खाली केल्यावर आवाज गेला तर दोष मागे आहे. मास्टर पुन्हा वर घ्या आणि एकेक चॅनेल बंद करत जा. ज्याच्यावर आवाज थांबला, त्या चॅनेलची वायर बदला, मग माईक बदला. एका वेळी एकच गोष्ट. घाईत दोन गोष्टी बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या एकादशीला तो परत येतो. हे सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं काम आहे.

वायर काढण्याघालण्याआधी तो चॅनेल बंद करायला विसरू नका. नाहीतर येणारा दणका स्पीकरलाही लागतो आणि समोर बसलेल्यांनाही.

तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन काढली की हमिंग जाते, असं एका साउंडवाल्याने सांगितलं. काढू का?

नाही. कधीही नाही.

हमिंग जाते हे खरं आहे, कारण लूप तुटतो. पण ती पिन आवाजासाठी दिलेलीच नाही. अँप्लिफायरच्या आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर तो करंट अर्थमधून जमिनीत जावा आणि फ्यूज किंवा एमसीबी पडावा, यासाठी ती असते. पिन काढलीत तर तो करंट पत्र्यावर थांबून राहतो. तिथून सिग्नल वायरच्या जाळीतून माईकच्या धातूच्या जाळीपर्यंत येतो आणि वाट पाहतो. माईक हातात घेणारा माणूस देवळात अनवाणी असतो, फरशी धुतलेली असते, अंगाला घाम असतो. कीर्तनकार माईकला ओठ लावून उभे असतात. त्या माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जाणार.

काही जण पिन न काढता दोन पिनांचा अडॅप्टर लावतात किंवा प्लगच नसल्याने वायरची टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचतात. परिणाम तोच. आमच्या मंडळाचा नियम आहे : अर्थ नसेल तर सेट चालू होत नाही, मग समोर कोणीही खोळंबलेलं असो. विनामाईकचं भजन आपल्याकडे शेकडो वर्षं झालंच आहे.

लूप तोडायचाच असेल तर तो सिग्नलच्या बाजूने तोडा. डीआय बॉक्सवर (वाद्य किंवा लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायच्या छोट्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त सिग्नल वायरची जाळी तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. हा उपाय सुरक्षितही आहे आणि टिकाऊही.

माईकला ओठ लागले की मुंग्या येतात. फार नाही, थोड्याच.

थोड्या असल्या तरी कार्यक्रम थांबवा आणि मुख्य स्विच बंद करा. कधी कधी कारण किरकोळ असतं. दोन पिनांच्या चार्जरमधून फार बारीक करंट गळतो आणि अर्थ नसल्यामुळे तो जाणवतो. पण किरकोळ गळती आणि जीवघेणी गळती यांची सुरुवात सारखीच वाटू शकते, आणि ओठांनी त्यातला फरक करायचा नसतो. वायरमनला बोलावून प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. मीटरवर आकडा बरोबर आला तरी भार घेऊन पाहायला सांगा, कारण गंजलेली अर्थची वायर मीटरला फसवते. देवळाच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. एका चांगल्या माईकच्या खर्चात तो बसतो.

सप्ताहात सकाळी काकडा स्वच्छ ऐकू येतो, पण संध्याकाळी हरिपाठाला झर्र सुरू होते. रोज तेच. अँप्लिफायर तापतो का?

एका गावच्या सप्ताहात मला हेच विचारलं होतं. तोवर त्यांनी दोन अँप्लिफायर बदलले होते. मी दुपारी जाऊन पाहिलं, तर सगळं स्वच्छ. दिवेलागणीला रोषणाई चालू झाली आणि त्याच क्षणी झर्र आली. मांडववाल्याने माळांची वायर आणि माईकची चाळीस फूट वायर एकाच बांबूला, एकाच सुतळीने, शेवटपर्यंत बांधली होती. दिसायला नीटनेटकं काम होतं. आम्ही माईकची वायर सोडवून जमिनीवरून दुसऱ्या बाजूने नेली आणि त्या रात्रीचं कीर्तन शांत झालं.

आवाज ठरावीक वेळी येत असेल, तर त्या वेळी आणखी काय चालू होतं ते आधी पाहा. विजेची वायर आणि माईकची वायर यांत किमान हातभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर फुलीसारख्या काटकोनात ओलांडू द्या, शेजारी शेजारी धावू देऊ नका. सभामंडपातल्या पंख्यांचे रेग्युलेटर एकदा पूर्ण वेगावर नेऊन बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर विजेची लाट कापतो आणि तीच झर्र ऐकू येते.

लॅपटॉपवरून गाणी लावली की घूं, चार्जर काढला की बंद. लॅपटॉप खराब आहे का?

नाही. चार्जर आणि मिक्सर मिळून लूप तयार होतो, किंवा चार्जरचा स्वतःचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. बॅटरीवर चालवा. तेवढी बॅटरी टिकत नसेल तर मधे छोटा आयसोलेटर लावा. त्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल जातो पण तांब्याची थेट जोड राहत नाही. मोबाइल चार्जिंगला लावून गाणी वाजवली तरी हेच होतं. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा अडॅप्टरही इथेच तपासा. तानपुऱ्याच्या मंद सुराखाली घूं लपून बसते आणि गायकाला मात्र ती सतत टोचत राहते.

जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर सेट चालवला की आवाज बिघडतो.

जुन्या पद्धतीचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर झर्र पूर्णपणे जाणार नाही. त्याची लाटच चौकोनी असते. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या.

भाड्याने आणलेल्या जनरेटरला बहुधा अर्थ दिलेलाच नसतो. जमिनीत सळई ठोकून, तिथे पाणी ओतून, जाड वायरने तो द्यायला लावा. हे काम वायरमनचंच. तीन फेजचा जनरेटर असेल तर सेटची सगळी यंत्रं एकाच फेजवर घ्या आणि रोषणाई दुसऱ्या फेजवर टाका. शिवाय न्यूट्रलची जोड घट्ट आहे ना, हे वायरमनकडून स्वतः समोर उभं राहून पाहून घ्या. न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी तुमच्या यंत्रांवर ४०० च्या घरात व्होल्टेज चढू शकतं, आणि मग आवाजाचा प्रश्नच उरत नाही, यंत्रच जळतं.

आमचा जुना अँप्लिफायर आहे, कर्ण्यांचा. लांब वायरवर माईक लावला की घूं, आणि कधी कधी चक्क रेडिओ ऐकू येतो.

या जुन्या अँप्लिफायरना माईकसाठी अनेकदा पी-३८ (पाव इंची) जॅक असतो आणि तो दोन तारांचा, म्हणजे अनबॅलन्स्ड असतो. बाजारात तयार मिळणाऱ्या माईकच्या वायरीही पुष्कळदा तशाच असतात, एका टोकाला कॅनन (एक्सएलआर) पिन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८. आठ-दहा फुटांना हे चालतं. पन्नास फुटांना ती वायर अँटेना होते. जवळपास मध्यम लहरींचं प्रक्षेपण केंद्र असेल तर ते ऐकू येणं अगदी शक्य आहे.

तीन पिनांची कॅनन वायर दोन्ही टोकांना कॅनन ठेवून वापरली तर गोष्ट बदलते. त्यात पहिल्या पिनेवर जाळी असते, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर तोच सिग्नल एकमेकांच्या उलट जातो. वाटेत जो गोंगाट शिरतो तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो. मिक्सर दोन तारांमधला फरक तेवढा घेतो, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट आपोआप वजा होतो. अँप्लिफायर बदलायचा नसेल तर कॅनन वायर अँप्लिफायरपर्यंत न्या आणि अगदी तिथे, शेवटच्या वितीवर, माईकचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावून पी-३८ मध्ये घाला. आमच्या सेटला सर्वात मोठा फरक कशाने पडला असेल तर याने.

वायर हलली की कडकड. नवी वायर घेतली तरी तीन महिन्यांत तेच.

वायर गुंडाळण्याची पद्धत बदला. कोपर आणि अंगठा यांच्यात पीळ देत गुंडाळलेली वायर पिनेपाशी आतून तुटते. तिच्या नैसर्गिक वळणाने सैल वेढे घ्या, एक सरळ, एक उलटा. काढताना वायर ओढू नका, पिन धरा. पिन उघडून बघा. जाळीचा एखादा केस शेजारच्या पिनेला लागलेला असतो, किंवा डाख राखाडी आणि भेगाळलेला असतो. चांगला डाख चमकदार आणि चिकटून बसलेला दिसतो. दुरुस्त केल्यावर पिनेच्या आतली वायर धरणारी पट्टी वायरच्या बाहेरच्या सालीवर घट्ट दाबली गेली आहे ना हे पाहा, नाहीतर सगळा ताण पुन्हा डाखावर येतो.

कोकणात पावसाळ्यानंतर पिना काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. खोबरेल किंवा रॉकेल लावू नका, त्याने धूळ आणखी धरते.

मिक्सरचं बटण फिरवताना खरखर येते.

धूळ. सेट बंद करून तेच बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तात्पुरतं काम होतं. पुढे कॉन्टॅक्ट क्लीनर. आणि मिक्सरवर कापड टाकायची सवय लावा, मांडवात भंडारा-गुलाल उडत असतो.

शिट्टी काही केल्या जात नाही. महागडा माईक घेऊ का?

आधी स्पीकर पुढे न्या. माईक स्पीकरच्या तोंडासमोर किंवा त्याच्या पुढे असेल तर कोणताही माईक शिट्टी मारणार. स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, थोडे उंचावर ठेवा. मग माईक तोंडाजवळ आणा. अंतर दुप्पट झालं की माईकला पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि तो भरून काढायला तुम्ही बटण वाढवता. आठ बोटांवरचा माईक चार बोटांवर आणलात तर तेवढंच बटण कमी करता येतं. माईकच्या तोंडावरची जाळी मुठीत धरू देऊ नका. माईकची मागून न ऐकण्याची क्षमता त्याने नाहीशी होते.

न लागणारे माईक बंद ठेवा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की साधारण ३ डेसिबल जागा कमी होते. टाळकऱ्यांसाठी वेगळा माईक लावण्याचा आग्रह मी नेहमी मोडून काढतो. टाळ बाकीच्या सगळ्या माईकमध्ये आपणहून येतच असतात.

दगडी सभामंडपात आवाज घुमतो. तिथे एको बंद करा, दगडाने तो आधीच दिलेला आहे. घुमणारी शिट्टी असेल तर २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास, टोचणारी असेल तर २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा. सगळं ट्रेबल उतरवू नका, शब्द कळेनासे होतात, आणि कीर्तनात शब्दच गेले तर काय उरलं?

कोणी बोलत नसतानाही सतत सूं येतं.

चॅनेलचा गेन कमी आणि स्पीकरच्या पाठीवरचं बटण पूर्ण, अशी मांडणी बहुतेक सेटमध्ये सापडते. उलट करा. सर्वात मोठ्याने गाणाऱ्याला गायला सांगा, लाल दिवा जेमतेम लागणार नाही इतपत गेन ठेवा, फेडर (चॅनेलची सरकपट्टी) ० डीबीच्या खुणेवर ठेवा आणि मग हवा तेवढाच आवाज येईल इतपत स्पीकर उघडा.

कॉर्डलेस माईक मधेच फुसफुसतो, तुटतो.

सेल बदला. अर्धवट वापरलेले सेल पुन्हा घालू नका. रिसीव्हर जमिनीवर, मिक्सरच्या मागे असतो तो वर उचला, त्याच्या दोन्ही अँटेना उभ्या आणि मोकळ्या ठेवा. रिसीव्हर आणि माईक यांच्यामध्ये गर्दी आली की रेडिओ लहरी माणसांच्या अंगात शोषल्या जातात. दोन माईक एकाच फ्रीक्वेन्सीवर असतील तर ते भांडणारच. माईक बंद करण्याआधी त्याचा चॅनेल बंद करा. स्वस्त रिसीव्हर समोर माईक सापडला नाही की जोरात फुसफुसतो.

चार्जिंगच्या ट्रॉली स्पीकरमध्ये चार्जर लावल्यावर घूं येते, आणि आवाज वाढवला की फट्-फट् होऊन बंद पडतो.

घूं चार्जरची, फट्-फट् बॅटरीची. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर, थोडा वेळ विसावल्यावर, १२.६ च्या वर दिसायला हवी. ती १२ च्या खाली दिसली किंवा आवाज वाढवताच झपकन खाली आली तर ती संपली आहे. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. वर्षभर कपाटात ठेवून गणपतीत काढलेली बॅटरी दगा देते.

टर्र-टर्र-टर्र, आणि लगेच कोणाचा तरी फोन वाजतो.

टूजीवर चालणारा फोन सेकंदाला २१७ वेळा झटके देत लहरी सोडतो. फोन मिक्सरपासून आणि माईकच्या वायरीपासून चार-पाच फूट दूर ठेवा.

स्पीकर फाटल्यासारखा वाजतो, पण फक्त मोठ्या आवाजात.

मिक्सरचा लाल दिवा पाहा. तो लागत असेल तर सिग्नल आधीच चिरलेला आहे. दिवा लागत नसेल तर सेट बंद करून कोनला (स्पीकरच्या पडद्याला) चारी बाजूंनी बोटांनी हलकेच, सारखा दाब द्या. आत घासल्याचं जाणवलं तर कॉइल वाकडी झाली आहे. ते काम कारागिराचं.

दरवेळी दुरुस्त करून आणतो आणि दोन महिन्यांत तोच आवाज.

कारागिराला यंत्र मिळतं, ठिकाण मिळत नाही. त्याच्या टेबलावर सेट स्वच्छच वाजतो. म्हणून एक वही ठेवा. तारीख, जागा, कोणता प्लग, शेजारी काय चालू होतं, आवाज कसा होता, कोणती वस्तू काढल्यावर गेला. प्रत्येक वायरीला रंगीत टेप लावून नंबर द्या. आमच्या वहीत तीन कार्यक्रमांत "७ नंबर वायर" असं लिहिलेलं सापडलं, आणि वर्षभराचा त्रास पन्नास रुपयांच्या पिनेत संपला.

पेटीत जवळ काय असावं?

दोन जादा कॅनन वायरी, एक डीआय बॉक्स, एक आयसोलेटर, मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, मल्टिमीटर, नवे सेल, टेप, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि डाखाची तार, टॉर्च. आणि ती वही, पेन बांधून.